रागवायचं, पण 'अहो' म्हणून

…तर गाडी ट्रामच्या रुळांवर, मागून ट्राम घंटा बडवतेय, आणि आपले डॉक्टर शशिधर खिडकीतून हात काढून ट्रामलाच "थांब" म्हणताहेत, इथवर आलो होतो ना आपण? शेजारी बसलेली वीणा, त्यांची सून. गाडी कशीबशी रुळांवरून निघाली, दोघं घरी पोचले.

नागपूरची ही पोर, लंडनच्या क्रॉयडनला बँकेत सॉफ्टवेअर तपासते. ऑफिसात मॅनेजरला गप्प करेल, पण सासऱ्यांपुढे तोंडाला कुलूप. ऐंशीला टेकलेला माणूस, उभा जन्म इथल्या हॉस्पिटलांत गेलेला. त्यांना 'आता गाडी पुरे' कोण म्हणणार? नवरा, नकुल, हात झटकून मोकळा. "मी बोललो तर भांडण होईल. तूच सांग, तू लाडकी आहेस."

आता गंमत बघा. वीणा दर बुधवारी लायब्ररीत लिन मॅडमच्या वर्गाला जायची. विषय जुना चिनी विचारवंत कन्फ्यूशियस. त्या बुधवारी बोलायची पाळी हिचीच: हा जुना विचार पुढे वाढावा तर कसा? आणि सासरेबुवा कौतुकानं पहिल्या रांगेत. स्वतः गाडी हाकत आलेले, दुसरं काय!

सुरुवातीलाच एक बाई फणकारल्या, "थोरांपुढे मान खाली, एवढंच ना ते? टाकून द्या."

"टाकण्याआधी नीट बघा तरी," वीणा म्हणाली. "वडील चुकत असतील तर मुलानं हळूच अडवावं, नाही ऐकलं तर मान राखून पुन्हा सांगावं, हेही त्याच जुन्या विचारात आहे. पुढच्यांनी मान तेवढा उचलला, अडवणं गाळलं. राजांना न् बापांना तेच सोयीचं! ते गाळलेलं आधी परत घ्या. मुलाला दिलेला तो हक्क मुली-सुनांना द्यायचा राहिला, तेवढी भर आपण घालू."

टाळ्या पडल्या. लिन मॅडम तर खूशच. तेवढ्यात पहिल्या रांगेतून हात वर.

"छान बोललीस," शशिधर मिस्कील हसले. "पण मान राखून अडवायचं म्हणजे नक्की कसं? मराठीत करून दाखव बघू."

सगळा वर्ग बघत राहिला. वीणाच्या कानात ट्रामची ती घंटा पुन्हा वाजली. मग तिनं सासऱ्यांपुढे सरळ हात पसरला.

"अहो बाबा, परवा तुम्ही ट्रामला थांबवायला निघालात. फार चुकलात. गाडीची किल्ली द्या इकडे. म्हणाल तिथे मी नेईन तुम्हाला. आज नाही दिलीत तर उद्या पुन्हा मागेन, आणि उद्याही 'अहो'च म्हणेन."