पहिल्या खांबावरचं तिसरं चाक

नवी चेअरलिफ्ट म्हटलं की माझं डोकं फिरतं. दर हिवाळ्याच्या तोंडावर पत्रपेटीत ती गुळगुळीत पत्रकं येऊन पडतात. अमक्या डोंगरावरची जुनी दोन माणसांची लिफ्ट काढली, सहा जणांची बसवली, गादी गरम होते, वरून झाकण येतं, पाच मिनिटांत माथ्यावर! बायको ती पत्रकं मी यायच्या आत कागदांच्या कचऱ्यात टाकते, कारण एखादं हाती लागलं तर माझा अख्खा रविवार वाया जातो हे तिला ठाऊक आहे. मित्र म्हणतात, अरे एवढं काय, कुणी मेलं तर नाही ना? नाही मेलं. म्हणून मी गप्प बसायचं होय?

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतली गोष्ट. मी जर्मनीत वोल्फ्सबुर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होतो. मुलगी नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून जर्मनच यायचं. त्या हिवाळ्यात माझे बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले. बाबा चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत फिटर होते. कोळसा काढलेली जागा भरायला नदीची वाळू लागायची, ती रोपवेला टांगलेल्या बादल्यांतून यायची, आणि त्या रोपवेवर बाबांनी तीस वर्षं काढली. वायर रोप, चाकं, बेअरिंग, ग्रीस. घरी जेवायला बसले असताना लांबून रोपवेचा आवाज बदलला, तरी घास हातात धरून ऐकत बसायचे, आणि आई ओरडली की मगच तोंडात घालायचे.

ऑफिसात मात्र मी काय सांगून ठेवलं होतं? वडील खाणीत मेकॅनिकल इंजिनियर होते. कुणी विचारलं नव्हतं हो! आपणहून सांगितलं. ज्या माणसानं ओव्हरटाइम करून मला इंजिनियर केलं, त्याला मी एका कॉफीच्या कपावर इंजिनियर करून टाकलं. आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

माझा शेफ, म्हणजे ऑफिसातला साहेब, दर शनिवारी हार्त्सच्या डोंगरात स्कीइंगला जायचा. त्याच्या सांगण्यावरून आम्ही मुलीला तिथल्या मुलांच्या स्की-वर्गात घातलं होतं. तिथली जुनी दोन माणसांची लिफ्ट आदल्या उन्हाळ्यात काढून चौघांची नवी बसवली होती. ही खुर्ची स्टेशनात आली की दोरापासून सुटून हळू व्हायची, माणसं आरामात बसली की पुन्हा दोर पकडून सुसाट निघायची. गाव तर नुसतं हरखून गेलं होतं. पार्किंगपासून बेकरीपर्यंत लिफ्टचे फलक, आणि बेकरीत लिफ्टच्या आकाराचा केकसुद्धा! त्या शनिवारी बायको कामावर होती. मी म्हटलं, बाबांनाही नेऊ. तीस वर्षं त्यांनी वाळूच्या बादल्या फिरवल्या, आता माणसांच्या खुर्च्या फिरताना बघू देत. हेतू चांगला होता, तेवढं तरी माझ्या नावावर लिहा.

बाबांच्या अंगात माझं जुनं जॅकेट, डोक्याला माकडटोपी, वरून मफलर. खालच्या स्टेशनापाशी पोचताच ते माझा हात सोडून सरळ कठड्याला जाऊन उभे राहिले. मी तिकीट काढून आलो तरी ते तिथंच, मान वर करून. पहिल्या खांबावर चाकांची रांग असते, तिच्यावरून दोर पळतो. बाबा ती चाकं मोजत होते. मग खाली बर्फाकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

मुलांची रांग पुढे सरकत होती. छोट्यांना एकटं बसू देत नाहीत, म्हणून वर्गाच्या बाई रांगेतल्या मोठ्यांना एकेक मूल वाटून देत होत्या. अनोळखी माणसालासुद्धा, तिथं तशीच पद्धत आहे. मी माझ्या मुलीबरोबर बसणार होतो. आमच्या पाठीमागे शेफ आणि त्याची बायको. एवढ्यात बाबा रांगेत घुसले आणि माझी बाही धरली.

"त्याले सांग, हे बंद कर म्हणा," ते म्हणाले. 'त्याले' म्हणजे पिवळ्या जॅकेटातला, पन्नाशीचा, मिशाळ लिफ्टवाला. तो खुर्चीशी उभा राहून लोकांना बसवत होता.

"काय झालं बाबा?"

"पहिल्या खांबावरचं तिसरं चाक जाम आहे. फिरून नाही राहिलं. दोर त्याच्यावरून घासून राहिला. खाली पाहा ना, बर्फावर काळा भुसा पडून राहिला. रबर आहे ते. बेअरिंग गेलं. रबर खाल्लं गेलं की दोर सरकते. आत्ताच सांग."

किती स्वच्छ सांगितलं होतं! खांब कोणता, चाक कितवं, पुरावा कुठं. आमच्या कारखान्यात कुणी इतकं नेमकं सांगितलं असतं तर मी त्याला टाळ्या वाजवल्या असत्या. पण मी ना चाकाकडे पाहिलं, ना बर्फाकडे. मी पाहिलं ते मागे. सगळी रांग आमच्याकडे बघत होती. बाबांचा आवाज मोठा, खाणीत यंत्रांवर ओरडून झालेला. माकडटोपीतला एक म्हातारा हात वर करून नव्या कोऱ्या जर्मन लिफ्टकडे बोट दाखवतोय, आणि शेफ भुवया उंचावून विचारतोय, सगळं ठीक ना? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेली लिफ्ट, तिच्यावर संगणक, तिच्यावर इन्स्पेक्टरांचे शिक्के, आणि मी जाऊन सांगू की चंद्रपूरचा फिटर म्हणतोय ही बंद करा?

लिफ्टवाला माझ्याकडे बघत थांबला होता. मी जर्मनमध्ये म्हणालो, "माझे वडील भारतात रोपवेच्या क्षेत्रात होते. त्यांना तुमची लिफ्ट फार आवडली."

तो मिशीतून हसला. बाबांना अंगठा दाखवून म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर! याहून चांगली लिफ्ट तुम्हाला इकडे कुठं मिळायची नाही."

"काय म्हणे?" बाबांनी विचारलं.

"म्हणे, लगेच बघून घेतो."

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सहज निघालं. मुलगी माझ्या कोपराशी उभी होती. तिनं एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ती काही बोलायच्या आत बाईंनी तिला पुढे ढकललं, कारण खुर्ची आली होती. मी तिच्या शेजारी बसायला वळलो तर बाबांनी मला छातीवर हात लावून मागे सारलं.

"तू नको. मी बसतो."

आणि बसले! आयुष्यात पहिल्यांदा. लिफ्टवाल्यानं दांडा खाली ओढून दिला, खुर्चीनं दोर पकडला आणि दोघं वर गेले. मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. म्हातारा गप्प झाला एकदाचा, असं वाटलं. शेफ हसून म्हणाला, तुझे वडील फार उत्साही आहेत. मी पण दात काढले आणि त्याच्याशी बोलत रांगेतून बाजूला झालो.

मिनिटभरातच लिफ्ट थांबली. लिफ्ट अधूनमधून थांबतच असते, कुणी उतरताना पडलं की. म्हणून आधी कुणाला काही वाटलं नाही. मग लिफ्टवाल्याच्या केबिनमध्ये फोन वाजला, तो धावत बाहेर आला, वर बघितलं आणि त्याच्या तोंडावरचा रंगच गेला. पहिल्या खांबावर दोर चाकांच्या कडेला सरकला होता. असा सरकला की वीज आपोआप तुटते, त्यासाठीच तिथं यंत्रणा असते, आणि तिनं तिचं काम केलं. पण आता दोर जागेवर बसल्याशिवाय लिफ्ट पुढेही नाही आणि मागेही नाही. साठ-सत्तर माणसं हवेत लटकलेली. वारा सुटला होता. तिसऱ्या आणि चौथ्या खांबांच्या मधे, दरीसारख्या खोलगट जागेवर, एका खुर्चीत एक मोठी आकृती आणि एक छोटी.

मी लिफ्टवाल्याकडे धावलो. "तिसरं चाक! पहिल्या खांबावरचं तिसरं चाक जाम आहे, रबर गेलंय त्याचं!"

तो जागच्या जागी थांबला. "तुम्हाला कसं माहीत?"

"वडिलांनी सांगितलं."

"कधी?"

मी नुसतं वर खांबाकडे बोट दाखवलं. इंजिनियर झालो, परदेशात आलो, तीन भाषा आल्या, आणि एका 'कधी'पुढे बोट दाखवायची वेळ आली. शिडी घेऊन आलेल्या मेकॅनिकला त्यानं वर बोट दाखवून ओरडून सांगितलं. मेकॅनिक खांबावर चढला आणि वरूनच हात हलवला. तिसरं चाक.

पहाडातले सुटका करणारे लोक यायला आणि एकेका खुर्चीतून माणसं दोरानं खाली सोडायला दोन तास लागले. दोन तास! मी खाली उभा राहून शिव्या देत होतो. लिफ्ट बनवणाऱ्यांना दिल्या, शिक्के मारणाऱ्यांना दिल्या, केक बनवणाऱ्या बेकरीवाल्याला दिल्या, बाबांनाही दिल्या, की एवढं कळत होतं तर बसलात कशाला म्हणून. शेफनं खांद्यावर हात ठेवला तर तो झटकला. उभ्या उन्हाळ्यात बसवलेल्या यंत्राचं एक बेअरिंग दोन महिन्यांत जातं आणि रोज खालून जाणाऱ्या एकाही माणसाला बर्फावरचं काळं दिसत नाही, याचा राग मला आजही आहे आणि तो खराच आहे. पण तो राग मी त्या दिवशी ढालीसारखा पुढे धरला होता, हेही खरं आहे.

आधी मुलगी आली. तिच्या डोक्यावर तिच्या हेल्मेटवरून माकडटोपी, गळ्यात मफलर, हातमोज्यांवर आणखी मोठे हातमोजे. मग बाबा आले, उघड्या डोक्यानं आणि उघड्या हातांनी. त्यांची बोटं काळीनिळी पडली होती आणि चहाचा कप त्यांना धरता येईना.

आम्हाला स्टेशनच्या खोलीत हीटरजवळ बसवलं. थोड्या वेळानं लिफ्टवाला आत आला. त्यानं टोपी काढली आणि बाबांसमोर उभा राहून माझ्याकडे बघत म्हणाला, "यांना सांगा, मला एक शब्द बोलले असते तर मी त्याच क्षणी बंद केली असती. ग्राहक असो, मूल असो, कुणीही थांबवा म्हटलं की मी थांबवतो आणि मग बघतो. ते माझं कामच आहे. यांनी मला का नाही सांगितलं?"

तेवढ्यात मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, "आजोबांनी सांगितलं होतं. चाक, रबर, सगळं. पप्पांनी तुम्हाला दुसरंच सांगितलं."

लिफ्टवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी भांडलो असतो. त्यानं फक्त टोपी डोक्यावर घातली, बाबांचे ते निळे हात आपल्या दोन्ही हातांत धरून दाबले आणि निघून गेला.

"काय म्हणून राहिली पोरगी?" बाबांनी मला विचारलं.

या वेळी मी सगळं सांगितलं. तिनं काय म्हटलं, त्यानं काय म्हटलं, आणि रांगेत मी काय म्हटलं होतं. शब्दन् शब्द. बाबा कपाकडे बघत होते.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "मी चाक जाम आहे म्हटलं अन् तो हसला. मशीन बिघडली म्हटल्यावर मशीनवाला कधी हसते का बाप्पा?"

"मग थांबवलं काहून नाही मला?" मी ओरडलो. पुण्यात शिकायला गेल्यापासून 'का'ला काहून म्हणणं मी सोडलं होतं, ते त्या दिवशी तोंडातून निघालं. "तिला ओढून घ्यायचं होतं! माझ्या कानाखाली द्यायची होती! बसलात काहून?"

"अरे, पोरगी तर बसलीच होती. एकटीले जाऊ देऊ का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझा साहेब मागं उभा होता. त्याच्यासमोर तुले खोटं पाडू?"

ते रागावले असते तर मी निभावून नेलं असतं. शिव्या दिल्या असत्या, अबोला धरला असता, परतीचं तिकीट काढ म्हणाले असते, तरी चाललं असतं. त्यांनी घरी गेल्यावर सुनेलासुद्धा एवढंच सांगितलं की लिफ्ट बंद पडली होती, थंडी फार होती. माझा संताप संताप झाला. सोमवारी ऑफिसात जाऊन मी शेफला सांगितलं की माझे वडील इंजिनियर नव्हते, फिटर होते. तो म्हणाला, मग त्यांचंच ऐकायला हवं होतं. अगदी सहज म्हणाला, आणि मिटिंगला गेला.

बाबा आणखी तीन आठवडे राहिले. माझ्याशी नेहमीसारखे बोलायचे, क्रिकेट, गावाकडच्या विहाराचं बांधकाम, आईची गुडघेदुखी. पण बोटं दाखवायला आम्ही डॉक्टरकडे गेलो, तेव्हा ते म्हणाले, पोरीले घेऊ सोबत. शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचे असले तर नातीची शाळा सुटायची वाट बघायचे, आणि तीही त्यांच्याशी मोडकंतोडकं मराठी बोलायला लागली होती. मी समजायचं ते समजलो, आणि तरी स्वतःला सांगत राहिलो की नातीचा लळा लागलाय.

मग निघायचा दिवस आला. विमानतळावर सामान देताना काउंटरवरच्या बाईनं बाबांना काहीतरी विचारलं. मी पुढे झालो. बाबांनी हात आडवा करून मला थांबवलं, नातीला खांद्याला धरून पुढे घेतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू राहू दे. ही बरोबर सांगते."