न हलणारी सुई

माझं पाऊल जड. मी मालेची, डोंगरातल्या गावची. लहानपणापासून डोक्यावर भारा घेऊन डोंगर उतरलेली. मला हलकं चालता येतच नाही. लग्न होऊन आले तर ह्यांना नाद रेकॉर्डी ऐकायचा! बाहेरच्या खोलीची फरशी खालून पोकळ, प्लेअर लाकडी स्टुलावर. मी चहा घेऊन निघाले की सुई उडालीच म्हणून समजा. गाणारी बाई अर्धी ओळ गिळून पुढे जायची. मग हे डोळे न उघडता बोट वर करायचे आणि म्हणायचे, "पाऊल!"

"पाय काढून खुंटीला टांगू का?" मी म्हणायचे.

आलेगेले हसायचे. मला मात्र लई राग यायचा. बाईमाणसानं आपल्याच घरात चालायचंसुद्धा नाही म्हणजे काय! पण दुसऱ्या दिवशी तेच. चहा, सुई, पाऊल, खुंटी. आमचा संसार असाच झाला.

मागच्या वर्षी ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं. जेवणात मीठ कमी असलं तर डोळ्यांनी सांगतात. पण शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल की नाही सांगता येत नाही, आवडीचं काहीतरी कानावर पडत राहू द्या. म्हणून मी रोज संध्याकाळी ह्यांना खुर्चीत बसवून रेकॉर्ड लावू लागले. आणि सुई उडू नये म्हणून भिंतीला धरून, चवड्यांवर, चोरासारखी चालू लागले. आजारी माणसाच्या गाण्यात माझा पाय कशाला मध्ये? देवाजवळ मागणं एवढंच होतं, ह्यांच्या तोंडून एक शब्द ऐकू दे. कुठलाही चालेल.

मुलगी हिंजवडीला नोकरी करते, रविवारी येते. माझी ती चाल बघून तिनं डोक्याला हात लावला. "आई, पडशील आणि मग दोघं खुर्चीत बसाल. आपण चांगला मजबूत प्लेअर घेऊ."

बावधनच्या दुकानात गेलो. दुकानदार लागला सांगायला. ह्याची मोटर वेगळी बसवलेली, त्याची थाळी जड, त्याच्या बुडाला हादरा गिळणारे रबरी पाय. मी म्हटलं, "भाऊ, ते ऱ्हाऊ द्या. तुमी रेकॉर्ड लावा, मी चालते."

"आई, प्लीज," मुलगी कानात पुटपुटली.

मी कुठली ऐकते! पदर खोचला आणि चालले, घरी चालायचे तशी. पहिल्याची सुई दोन पावलांत उडाली. दुसऱ्यानं जरा तग धरला, पण मी वळले तशी त्याचीही सुई उडाली. तिसरा काळा, ठोकळ्यासारखा, एका हातानं उचलेना. त्याच्यापुढे मी चालले, मग पाय आपटले, मग चक्क उडी मारली. दुकानातली माणसं बघत राहिली. सुई ढिम्म हलली नाही.

"ह्योच द्या," मी म्हटलं.

काय सुरेख वाजला म्हणून सांगू! ज्या ओळी मी जन्मभर अर्ध्याच ऐकल्या होत्या, त्या पुऱ्या ऐकल्या. हे डोळे मिटून बसले होते. मी कितीतरी महिन्यांनी घरात दणदण चालले. आत गेले, बाहेर आले, कपबशी ठेवली, परत आत गेले. मोकळं वाटायला हवं होतं. पण माझा कान सारखा खुर्चीकडे. कशाची वाट बघतेय हे माझं मलाच कळेना. तिसऱ्या खेपेला दारातच थबकले आणि कळलं. मला कुणीतरी रागवायला हवं होतं.

रात्री मुलीचा फोन आला. "छान वाजतोय ना?"

"व्हय गं, लई छान," म्हटलं आणि फोन ठेवून रडले. अगं बाई, जो एक शब्द हा माणूस झोपेतसुद्धा बोलला असता, त्याची वाटच मी बंद करून टाकली होती. आधी चवड्यांवर चालून, आणि आता हा ठोकळा आणून.

दुसऱ्या दिवशी दुपारीच कॉटखालचा जुना प्लेअर ओढून काढला. फडक्यानं पुसला, स्टुलावर त्याच्या जागी ठेवला. ह्यांची आवडती ठुमरी लावली. हे टक लावून बघत होते. आत गेले, चहा केला, आणि कप घेऊन निघाले. अगदी लग्न होऊन आल्यावर निघायचे तशी.

चौथ्या पावलाला सुई उडाली. कर्रर्र!

ह्यांनी डोळे उघडले. आधी प्लेअरकडे, मग माझ्या पायांकडे पाहिलं. ओठ हलले. एकदा, परत एकदा. घशातून नुसती हवा आली. मी कप धरून उभी. म्हणा, अहो, म्हणा ना! शब्द आला नाही. पण खुर्चीच्या हातावरचं डावं बोट थरथरलं आणि हळूहळू वर उठलं.

"पाय काढून खुंटीला टांगू का?" मी म्हटलं.

बोट तसंच वर होतं. मी चहा खाली ठेवला, सुई उचलून पुन्हा सुरुवातीला टेकवली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे गेले आणि मघापेक्षा जोरात चालत निघाले.