काळ्या घरांसाठी उडीद

आडवे सात : ‘दोन दगड, एक फिरतो, एक बसून राहतो.’ अक्षरं दोन. उत्तर : जाते.

शब्दकोड्यासाठी मी लिहिलेली ही पहिली ओळ. अठरा वर्षांपूर्वीची. त्या दिवशीच्या कोड्याचा विषय होता स्वयंपाकघर, आणि ती ओळ मला खरोखरच स्वयंपाकघरात, फोडणी करपत असताना सुचली. कोडं छापून आलं तेव्हा खाली ‘रचना’ म्हणून नाव होतं माझ्या नवऱ्याचं. पुढे अठरा वर्षं रोज तेच नाव येत राहिलं. मला काय हवं होतं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे म्हातारी काहीतरी मोठं मागतेय असं कुणाला वाटायला नको. त्या चौकटीखाली मला एकदा माझं नाव हवं होतं. बस, एवढंच.

झालं असं. आम्ही धुळ्याचे. आमचे हे हायस्कुलात मराठी शिकवायचे; सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही इथे सरच म्हणते. मी पाचोऱ्याची, बारावी झालेली. जळगावच्या एका दैनिकानं जाहीर केलं की रोज एकेका विषयावरचं शब्दकोडं सुरू करायचं आहे, वाचकांनी नमुने पाठवावेत. सोमवारी स्वयंपाकघर, मंगळवारी नद्या नि गावं, बुधवारी शेतीची अवजारं, असे वार ठरलेले. मी सहा कोडी केली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला अकरा बाय अकराची चौकट आखायची, काळ्या घरांच्या जागी काळे उडीद ठेवायचे आणि शब्द बसेपर्यंत ते इकडून तिकडे सरकवायचे, ही माझी पद्धत. खोडरबरानं कागद फाटतो, उडदांनी फाटत नाही. काम झालं की उडीद परत डब्यात.

पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून मी सरांचं नाव लिहिलं. त्यात मला काही वेगळं वाटलंच नाही. दारावरची पाटी त्यांची, विजेचं बिल त्यांचं, माझ्या माहेरची पत्रंसुद्धा त्यांच्याच नावानं यायची. पोस्टमनला गल्लीत माझं नाव ठाऊकच नव्हतं. पाकीट परत आलं असतं तर त्यानं ते कुणाच्या हातात दिलं असतं? आतल्या कागदावर मी नावच घातलं नाही. म्हटलं, आवडलं तर विचारतील. ते कशाला विचारतात? पाकिटावर होतं की!

पहिलं कोडं छापून आलं त्या सकाळी सर चहा घेता घेता म्हणाले, “अगं, हे भलतंच झालं. कळवायला पाहिजे त्यांना.” मी हसले. खरंच हसले, मला गंमत वाटली. मग सर शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी तो कागद फलकावर लावला होता, स्टाफरूममध्ये पेढे झाले. संध्याकाळी घरी आले तेव्हा म्हणाले, “पुढच्या आठवड्यात कळवू.” तो पुढचा आठवडा काही आला नाही.

सर खोटं कधीच बोलले नाहीत, हे मी कबूल करते. ‘मी करतो’ असं ते कुणालाही म्हणाले नाहीत. कुणी वाहवा केली की नुसते हसायचे. त्या हसण्याचा मला इतका राग यायचा की काय सांगू! त्यापेक्षा खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

मी दोनदा विषय काढला. एकदा ते म्हणाले, “तुझं काय नि माझं काय, एकच ना?” मी म्हटलं, “एकच आहे ना? मग माझं छापू दे.” त्यावर त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, “आता इतक्या वर्षांनी सांगितलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. तुला चालेल?” मी भाकऱ्या थापायला घेतल्या.

एक काम मात्र रोजचं होतं. सकाळी पेपर आला की सर पाटावर बसून चहा प्यायचे आणि मी त्यांना त्यांचंच कोडं समजावून द्यायची. शाळेत कुणीतरी विचारणार, मग उत्तर यायला हवं. “हे ‘पेरते, पण स्वतः कधी उगवत नाही’ म्हणजे काय गं?” मी सांगायची, पाभर. पेरणीचं अवजार, शेतभर बी सोडत जातं आणि पेरणी झाली की वर्षभर गोठ्याच्या आढ्याला टांगून पडतं. “हं, बरोबर,” असं म्हणून ते तपासल्यासारखी मान हलवायचे. मान हलवायचे! आमच्या शेजारच्या बाईंना या मान हलवण्याचं फार कौतुक. त्या निवृत्त अंगणवाडी सेविका, साक्रीकडच्या, वयानं माझ्याहून लहान, म्हणून मला अक्का म्हणतात. रोज ओट्यावर बसून पेन्सिलीनं कोडं सोडवायच्या आणि अडलं की सरांकडे यायच्या. सर म्हणायचे, “जरा डोकं चालवा, संध्याकाळी सांगतो.” मग आत येऊन मला विचारायचे.

त्या दैनिकानं जळगावला वाचक मेळावा घेतला आणि त्यात सरांचा सत्कार ठेवला. आम्ही दोघं एसटीनं गेलो, पारोळा, एरंडोल करत. सरांनी नवा सदरा घातला होता, मी इस्त्री केलेला. शाल झाली, श्रीफळ झालं. पुरवणी बघणाऱ्या संपादकांनी आग्रह केला की सरांनी एखाद्या कोड्यातली ओळ उलगडून सांगावी. सरांनी नेमकी ती आदल्या सोमवारची निवडली : ‘उन्हाळ्यात खाटेवर, पावसाळ्यात ताटात, ज्वारीची (३)’. उत्तर बिबडी, आमच्याकडचा ज्वारीचा वाळवणाचा पापड. मी दुसऱ्या रांगेत बसून मनात म्हटलं, अहो, एवढ्यावरच थांबा. पण माईक हातात आल्यावर कोण थांबतो? सर रंगात आले. बायका उन्हाळ्यात अंगणात कशा जमतात, ज्वारीचं पीठ कसं मळतात आणि पोळपाटावर बिबड्या कशा पातळ लाटतात, याचं त्यांनी साग्रसंगीत वर्णन केलं.

लाटतात! अख्ख्या खानदेशात बिबडी कुणी लाटत नाही. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि हात पोळत असताना ओल्या फडक्यावर तो थापायचा. माझ्या तळव्यांना त्याचे चटके अजून आठवतात. सभागृहातल्या बायका खुसखुसल्या. मला वाटलं, आता कळलं यांना. आता कुणीतरी उठून विचारेल, की ज्याला बिबडी कशी होते ते ठाऊक नाही त्यानं ही ओळ लिहिली कशी? माझ्या शेजारी बसलेली बाई माझ्याकडे वळली आणि कौतुकानं म्हणाली, “पुरुषमाणूस असून केवढी माहिती आहे हो तुमच्या सरांना! थोडं चुकले, पण चालायचंच.”

परतताना एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी म्हटलं, “लाटत नाहीत. थापतात.” सर शाल घडी करत होते. म्हणाले, “कुणाच्या लक्षात आलं?” मी म्हटलं, “सगळ्या बायकांच्या.” “मग काही हरकत नाही,” असं म्हणून त्यांनी शाल पिशवीत ठेवली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सर गेले. चहाचा कप हातात होता. रडले मी, खूप रडले. चाळीस वर्षांचा संसार होता, आणि माणूस काही वाईट नव्हता. दैनिकानं अर्ध्या पानावर त्यांचा फोटो छापला. संपादकांचा फोन आला, “वहिनी, सरांच्या स्मरणार्थ आम्ही कोडं थांबवतो आहोत.”

माणूस गेल्याचं दुःख एकीकडे, पण माझं काम थांबवतोय हा! मी घाईनं म्हटलं, “सात तयार आहेत.” तिकडून आवाज आला, “सरांनी तयार करून ठेवलीत? काय माणूस होता!” घरात पाहुणे, नणंद समोर बसलेली, दहावा व्हायचा होता. मी “हो” म्हटलं. हा ‘हो’ मात्र माझा आहे, त्याचा दोष मी सरांवर ढकलत नाही.

सात संपली तशी मी आणखी केली. दर आठवड्याला सांगायची, कपाटात सापडली. वाचकांची पत्रं छापून येत होती की सर जाऊनही आपल्यात आहेत. स्वयंपाकघराच्या टेबलावर मी उडीद सरकवत बसायची आणि मला वाटायचं, गेलेल्या माणसालासुद्धा काम मीच लावून दिलंय.

शेवटी एकदा मनाचा हिय्या केला. विषय घेतला लग्नघर. चार दिवस लागले त्याला, माझ्या सगळ्या कोड्यांत ते मला उजवं वाटलं. ‘नवरीमागे उभी, फोटोत अर्धी (४)’ म्हणजे करवली. ‘दोघांमध्ये धरतात, तो बाजूला झाला की लग्न लागतं (५)’ म्हणजे अंतरपाट. खाली ‘रचना’ लिहिलं, पुढे माझं नाव घातलं. ते आधी दुसऱ्या कागदावर गिरवून पाहिलं होतं, हसू नका. फोटो काढून संपादकांना मोबाईलवर पाठवलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. “वहिनी, प्रयत्न चांगला आहे. वेळ छान जातो ना त्यात? पण सरांची सफाई नाही. वाचकांना फरक लगेच कळेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते उघडूनसुद्धा पाहिलं नसणार त्यानं. आठ दिवस जाऊ दिले. मग तेच कोडं दुसऱ्या कागदावर उतरवलं, अक्षराला अक्षर, काळ्या घराला काळं घर, फक्त खाली सरांचं नाव घातलं. पाठवताना लिहिलं, ‘कपाटाच्या खालच्या खणात अजून एक सापडलं.’ दहा मिनिटांत उत्तर : “हे बघा वहिनी! याला म्हणतात कोडं! रविवारी घेतो.”

रविवारी ते छापून आलं. मी ठरवलं की आज फोन करायचा आणि दोन्ही कागद त्याच्यापुढे टाकायचे. बस झालं. दहा वाजता कार्यालय उघडतं, म्हणून वाट बघत बसले. हाताला चाळा म्हणून पुढच्या कोड्याची चौकट टेबलावर मांडली होती, वर उडीद.

तेवढ्यात शेजारच्या बाई पेपर घेऊन थेट आत आल्या. “अक्का, बठ्ठं भरी टाकं, एकच ऱ्हायनं.” सगळं भरून झालेलं, राहिलेली ओळ होती, ‘एरवी ओठांवर येत नाही, ते यात येतं (३)’. मी सांगितलं, उखाणा. बाई एरवी नवऱ्याचं नाव घेत नाही, उखाण्यात घेते. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “सरनं डोकं व्हतं बाई! बायकांनं मन बी कसं वळखं!”

आणि मग त्यांचं लक्ष टेबलावर गेलं. अर्धवट भरलेले शब्द, शाई ओली, काळ्या घरांवर उडीद. एक उडीद बोटानं उचलला, परत जागच्या जागी ठेवला.

“हाई तुम्ही…? पहिलापासून?”

मी मान हलवली. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणालातरी कळलं होतं. मला वाटलं, आता ही मला मिठी मारेल, नाहीतर सरांना चार शिव्या तरी घालेल. माझे डोळे भरून आले होते.

बाईंनी दाराकडे बघितलं, कुणी नाही याची खात्री केली आणि माझा हात घट्ट धरून हळूच म्हणाल्या, “आते कोनले सांगू नका, अक्का. मानूस गया. सरनं नाव खराब व्हई.”

मी फोन केला नाही.

इथे लिहिते आहे. त्यांचं नाव घेतलेलं नाही, ती सवय जुनी आहे. माझंही घातलेलं नाही. घातलं तर छापतील की परत पाठवतील, याची मला अजून खात्री नाही.