कोरफडीची वाटी

दुपारी अडीचच्या सुमाराला शुभांगीचे डोळे मिटत येतात, पण ईश्वरी काही सोडत नाही. एकवीस महिन्यांची पोर कुशीत आडवी होऊन ओढते आहे. ओढते, सोडते, वर बघते, "आलं नाई" म्हणते आणि दुसऱ्या बाजूला वळते. तिथंही दोनच घोट. मग नुसतीच ओढ, आणि ती दुखते.

शुभांगीला पाचवा महिना लागलाय. महिनाभरात दूध निम्म्यावर आलं. अळिवाची खीर झाली, शतावरी झाली, फरक शून्य. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, पोट राहिलं की दूध कमी होतंच, यात तुमचा काही दोष नाही. तुमची तब्येत चांगली आहे, पोटात कळा नाहीत, तोवर खुशाल पाजा. पोरीचं वरचं जेवण तेवढं वाढवा. हे तिने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

उशाशी खिडकीच्या कट्ट्यावर वाटी आहे. सासूने, म्हणजे आत्यांनी, सकाळीच कोरफड चिरून तिचा गर आणि पिवळा चीक त्यात काढून ठेवलाय. वर फडकं, फडक्याला दोन गाठी. "आज चहाच्या आधी छातीला लावायचं. पोटातल्याचा वाटा ही खातीय. एकदा कडू लागलं की आपोआप सोडंल."

शुभांगीने तेव्हा नुसती मान डोलावली. बोलायला हवं होतं, हे तिला आता पडल्या पडल्या कळतंय. पंखा कुरकुरतो. ईश्वरीची पकड सैल होते. पंख्याची कुरकुर लांब जाते, परत येते.

पंख्याच्या हुकाला वजनकाटा टांगलाय. काट्याखाली झोळी, झोळीत शुभांगी, गुडघे पोटाशी घेऊन. समोर तिची आई मालन उभी आहे. सव्वीस वर्षं अंगणवाडी सेविका होती ती, आणि तीन वर्षांपूर्वी वारली. साडीला पिन लावलेली, हातात निळं पेन.

"हलू नकोस. काटा थरथरतोय," आई म्हणते.

"या खेपेला खरं वजन लिही."

आईचं पेन थांबतं. "चिठ्ठी सापडली वाटतं."

"ट्रंकेत. तुझ्या तेराव्याला. बाहेर पंगत बसलेली, आणि मी आत बसून तुझं खोटं वाचत होते."

वाढीच्या तक्त्यावर शुभांगीची रेघ पहिलं वर्षभर सरळ चढत गेलेली होती. मागे टाचणीने अडकवलेल्या चिठ्ठीवर त्याच निळ्या शाईत, त्याच अक्षरात खरे आकडे होते. अकराव्या महिन्यात धाकटा भाऊ पोटात आला. बाराव्यात शुभांगी सहा किलो दोनशे.

"पर्यवेक्षिका बाई यायच्या होत्या," आई म्हणते. "सेविकेचीच पोरगी शेवटच्या रेघेखाली, कुपोषितांत. कुठल्या तोंडानं दाखवू?"

"दाखवलं असतंस तर मला जादा आहार मिळाला असता."

"मिळाला असता."

"दुसऱ्यांच्या पोरांना तूच वाटत होतीस तो."

"वाटत होते."

आई नाकारतच नाही. त्यानेच शुभांगीचं डोकं जास्त तापतं.

झोळी हलते. एसटी सुटलीये. शुभांगी खिडकीशी बसलीये, मावशीच्या मांडीवर. पाय मात्र मोठेच आहेत, समोरच्या सीटला टेकलेले. अंगावरचं दूध तुटावं म्हणून तिला मावशीकडे नेताहेत. आई खिडकीच्या उंचीवरून गाडीबरोबर चालते आहे, आणि तिचा पदर छातीवर ओला आहे.

"दूध होतं तुला!" शुभांगी ओरडते.

"थोडंसं होतं. मोरीत पिळून टाकायचे."

"मोरीत! आणि सकाळी बायकांना गोळा करून सांगायचीस, दोन वर्षं अंगावर पाजा."

"अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलेलं वाचून दाखवायचे. घरच्या भिंतीवर लिहिलेलं नव्हतं. घरी तुझी आजी होती."

"कोरफड तिनं लावली?"

"तिनं चिरून दिली. लावली मी."

"चाखलीस कधी?"

आई थांबते. एसटीही थांबते. आता स्वयंपाकघर आहे, चुलीशेजारी पाट, आणि आईच्या हातात ती वाटी. फडकं नाही.

"मी कशाला चाखू?" आई म्हणते.

"मी चाखलीये. अकरा महिन्यांची होते. धर."

शुभांगी मधलं बोट वाटीत बुडवते आणि आईपुढे धरते. आई तिच्याकडे बघते, ताप आलेल्या पोराकडे बघतात तसं. मग तोंड उघडते. तिचे दात बोटाला लागतात. तिचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत आक्रसतो, डोळ्यांतून पाणी येतं.

"इतकं कडू?"

"इतकं."

"जाणारं दूध आपल्या पायानं जातं गं," आई पदराने जीभ पुसत म्हणते. "त्याला कडू कशाला लावलं मी?"

"मला विचारतेस?"

"दुसऱ्या कुणाला विचारू?"

शुभांगीपाशी उत्तर आहे. ते घशापर्यंत येतं, आणि डोळे उघडतात.

पंखा. छत. ईश्वरी शेजारी झोपलीये, तोंड अर्धवट उघडं. कट्ट्यावर वाटी जिथल्या तिथं. फडक्याच्या दोन्ही गाठी घट्ट. शुभांगी उजवा हात वर करून बघते. मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत पिवळं, बुळबुळीत आहे. पेरावर दातांची बारीक खूण. ती बोट जिभेला लावते आणि लगेच काढते.

दार ढकलून आत्या येतात. "चहा टाकलाय. लावलंस का गं?"

ईश्वरी हलते, डोळे न उघडता चाचपडत कुशीत शिरते. शुभांगी डाव्या हाताने ब्लाउज वर घेते. दोन घोट येतात, पोर गिळते, तोंड न सोडता तशीच पडून राहते.

"मी काय विचारलं?" आत्या पुढे येतात.

शुभांगी उजवा हात लांब करते. बोट आत्यांच्या ओठांपासून वीतभर.

"आत्या," ती म्हणते, "आधी तुम्ही तोंड उघडा."