जन्मनोंदणीच्या खिडकीतल्या नावमावशी

जन्मनोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या कारकूनबाईंना सगळे नावमावशी म्हणत, आणि ते अगदी बरोबर होतं. बाळाचं नाव नुसतं लिहून घेणं त्यांच्या जिवावर यायचं. कुणी 'दानिएल' म्हटलं रे म्हटलं, की यांची कळी खुलायची. "अर्थ ठाऊक आहे? देव माझा न्यायाधीश. हिब्रू नाव आहे. आता खोटं बोलून बघू दे याला." इसहाक म्हणजे तो हसेल, नोहा म्हणजे विसावा. "कसला विसावा," एक बाप डोळे चोळत म्हणाला होता, "दहा दिवस डोळ्याला डोळा नाही." रांग हसायची, आतून साहेब खाकरायचे, पण मावशी कसल्या ऐकतात! तीस वर्षांत त्यांनी वहीभर नावं जमवली होती. त्यातल्या मनश्शेवर तर त्यांचा भारी जीव. मनश्शे म्हणजे दुःख विसरायला लावणारा. पण ते शोभेल असं घर काही सापडत नव्हतं.

एका दुपारी ते सापडलं असं त्यांना वाटलं. एक जोडपं बाळाला घेऊन आलं. नाव घालायची मुदत त्याच दिवशी संपत होती. "काही सुचतच नाही," बाळाची आई म्हणाली. "सासूबाई म्हणतात, मोठ्याचंच ठेवा. आमचा मोठा गेल्या वर्षी गेला."

मावशींना राहवतंय कुठलं? "मनश्शे ठेवा. झालेलं सगळं विसरायला लावणारा," त्या एका दमात बोलून गेल्या.

आईचा चेहरा उतरला. "मला त्याला विसरायचं नाहीये," असं म्हणून ती सरळ दाराकडे वळली.

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काउंटरची फळी उचलून, वही काखेत मारून त्या तिच्यामागे धावल्या. "चुकलं गं बाई माझं. आधी तुला विचारायला हवं होतं. तुझ्या मनात काय आहे?"

ती बाळाकडे बघत म्हणाली, "याला त्याच्या जागी बसवायचं नाही. आणि त्याला पुसायचंही नाही."

मावशी दारातच उभ्या राहून पानं उलटू लागल्या. आणि एकदम त्यांचं बोट थांबलं. योसेफ! गल्लोगल्ली सापडणारं नाव म्हणून त्याचा अर्थ सांगायचासुद्धा त्या कंटाळा करत.

"योसेफ म्हणजे, तो आणखी भर घालो," त्या म्हणाल्या. "भर म्हणजे आहे त्यात. आधीचं काढून नाही."

"माझ्या मामाचं नाव आहे हे," नवरा म्हणाला. "अर्थ आजच कळतोय."

आईने बाळाला त्या नावाने हाक मारून पाहिली, एकदा मोठ्याने, एकदा अगदी हळू. मग खिडकीशी परत येऊन म्हणाली, "लिहा."

मावशींनी टपोऱ्या अक्षरात नाव लिहिलं. आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता. उरलेले प्रश्न त्यांनी भराभर विचारले: पत्ता, वडिलांचा धंदा, आईला मुलं किती.

"एक," नवरा म्हणाला.

"दोन," ती म्हणाली. "दोन मुलगे."