आबांची वाटून घेतलेली खाट

मित्रांनो, आज लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

दुपारी जेवताना बाबांनी जवळच्या उतई गावातल्या एका मुलीचा फोटो माझ्या ताटाशेजारी ठेवला. "रविवारी पाहाले जाऊन राहिलो आपण."

मी भडकलो. सांगून टाकलं की माझं सुनीलवर प्रेम आहे, आणि कॉलेज अर्धवट सोडून हथखोजच्या कारखान्यात लागलो तोही तो तिथे कामाला आहे म्हणूनच.

बाबा ओरडले, "हे आजकालचे चाळे! आपल्या खानदानात असं नाही होत!"

"होते," आबा म्हणाले. माझे आजोबा.

इथला पोलादाचा प्लांट उभा होत होता तेव्हा ते भंडाऱ्याहून आले, तंबूत राहिले. दोघांत एक खाट. एक ड्यूटीवर गेला की दुसरा झोपायचा.

"मी अन् रामदास," आबा म्हणाले. "सुट्टीच्या दिवशीबी खाट एकच होती. मग गावाहून माह्या लग्नाचं पत्र आलं. तो निघून गेला, मी लग्न केलं. तूबी करून टाक. सवय होते, बाबू."

बाबांशी मी भांडलो असतो. आबांशी कसा भांडू?

दारात पोळी घेऊन आजी उभी होती. "अन् मले विचारलं होतं काय कोणी?"

आबांनी मान खाली घातली.

रविवारी गेलो नाही तर बाबा घराबाहेर काढणार. गेलो, तर साठ वर्षांनी ती फोटोतली मुलगी अशीच पोळी घेऊन दारात उभी असेल.

तुम्ही काय केलं असतं?