देशाची सरासरी आणि ताईचा घेवडा

सरासरीराव हे नाव ऑफिसनं ठेवलं आणि त्यांनी ते मिरवलं, लाज कशाची? देशातल्या शेतांवर कोणत्या वर्षी हेक्टरी किती खत पडलं, त्याचा आलेख त्यांच्या हातचा. आजोबांच्या काळी रेघ जमिनीला चिकटलेली, वडिलांच्या काळी उठून बसलेली, आणि आता तिला कागद पुरेना. रेघ चढली की यांची मान ताठ, जणू पोती यांनीच पाठीवर वाहिली! खरं तर उभ्या जन्मात बुटाला चिखल लागला नव्हता. घरातल्या कुंडीतलं एकुलतं एक रोप त्यांच्याच हातून मेलं होतं, आणि बायको ते पाहुण्यांना आवर्जून सांगायची.

मेव्हणे गेले तेव्हा ताईनं शेत स्वतः करायला घेतलं. घेवडा लावायचा होता. वर्षाचं सगळं त्यावरच. तिनं फोन केला, "अरे, खत किती टाकू? तू एवढा खतातला माणूस."

खतातला माणूस! झालं, स्वारी हरभऱ्याच्या झाडावर चढली. "शेजाऱ्याला विचार" म्हणायला जीभ वळेना. टेबलावरचा ताजा आकडा उचलला आणि दिला ठोकून. तो सबंध देशाचा. उसाचं, भाताचं, फळबागांचं सगळं खत त्यात एकत्र. घेवड्याला त्यातलं चिमूटभर पुरतं, हे कुठलाही शेतकरी सांगेल. यांना मात्र दशांशापुढचे आकडे तोंडपाठ, तेही सांगितले.

पुढं रजा काढून पीक बघायला गेले. घेवडा कमरेएवढा, हिरवागार! "बघ, म्हटलं नव्हतं?" करत ते आत शिरले. ताई बांधावरच उभी. त्यांनी पानं बाजूला केली. शेंग नाही. पुढच्या ओळीतही नाही. नुसता पाला.

"एवढं खत घातल्यावर झाड माजणारच," शेजारचा शेतकरी कुंपणापलीकडून म्हणाला. "शेंग कशाला धरेल?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं सरासरीरावांना झालं. गाढवा, मनातल्या मनात ते स्वतःला म्हणाले, बहिणीच्या पोटावर पाय द्यायला तुला देशभरातून आकडा आणावा लागला!

"अगं पण ताई," ते कसेबसे म्हणाले, "पाला असा माजलेला दिसल्यावर तू खत टाकायचं थांबवलं का नाहीस?"

"शेंगा धरेनात म्हणून घाबरले रे. वाटलं, तू सांगितलेलं माझ्याच हातून कमी पडलं. म्हणून आणखी एक पोतं टाकलं."